क्रॉस क्रॉप करू नका!

मेट्रोच्या यलो लाइनवर दहिसरहून अंधेरीकडे येताना ‘मंडपेश्वर’ स्टेशन लागतं. आपल्यातले कितीतरी जण रोज ते नाव ऐकतात. पण ज्या लेण्यावरून ते नाव आलं, ते बघायला तुम्ही कधी उतरलात? महाशिवरात्र सोडून?

मीही उतरले नव्हते. गेल्या वर्षी महाशिवरात्रीला पहिल्यांदा तिथल्या रांगेत उभी राहिले. हातात बेलाची पानं, पोटात साबुदाण्याची खिचडी आणि पुढे-मागे ‘हर हर महादेव’चा गजर. दर्शन झालं आणि लगेच रील बनवलं. कॅप्शन आजीच्या गोष्टीतलं : ‘पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं लेणं’. शूट करताना बाहेरच्या भिंतीवर कोरलेला मोठा क्रॉस मध्ये येत होता, तो सरळ क्रॉप केला.

रील चाललं. संध्याकाळी एका मैत्रिणीचा मेसेज आला. ती तिथेच, आयसी कॉलनीत वाढलेली. ‘‘आम्ही लहानपणी त्याच मैदानात खेळायचो. क्रॉस कुठे गेला गं?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वाचायला बसले.

पांडवांची गोष्ट आपल्याकडे जवळपास प्रत्येक लेण्याला चिकटलेली असते. नाशिकची बौद्ध लेणीसुद्धा ‘पांडवलेणी’च! गोष्ट म्हणून ती गोडच आहे, सांगायलाही हरकत नाही. पण मंडपेश्वर हे साधारण दीड हजार ते बाराशे वर्षांपूर्वीचं शैव लेणं आहे. माणसांनी छिन्नी-हातोडीनं डोंगर पोखरून खांबांचा मंडप आणि गाभारा काढला, नाचणारा शिव कोरला. एका रात्रीच्या चमत्कारापेक्षा मला तरी हे जास्त थक्क करणारं वाटतं.

पुढे १५३४मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. त्याच शतकात फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी लेण्याचं चर्च केलं आणि वरच्या बाजूला इमारत उभारली. तिचे पडके अवशेष आजही दिसतात. आयसी म्हणजे ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’, हे नाव त्याच जुन्या चर्चच्या आठवणीतलं. १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. आज गाभाऱ्यात पिंडीची पूजा होते, महाशिवरात्रीला तुफान गर्दी होते. भिंतीवरचा क्रॉस मात्र तिथेच आहे.

हे सगळं लिहून मी दुसरी पोस्ट टाकली. खाली कमेंट आली : ‘मग तो क्रॉस अजून ठेवलाय कशाला? काढून टाका.’ तिला माझ्या पोस्टपेक्षा जास्त लाइक्स!

त्या लाइक्समध्ये कदाचित तुमचाही एक असेल, म्हणून सांगते. क्रॉस कोरताना आधीचं शिल्प तासलं गेलं, हे खरं आहे. ते चूकच होतं. पण क्रॉस काढल्यानं ते शिल्प परत येणार नाही. उलट ते तासलं गेल्याचा पुरावाच नाहीसा होईल. शिवाय हे संरक्षित स्मारक आहे. १९५८च्या कायद्यानुसार त्याला इजा करणं हा गुन्हा आहे, मग हातात छिन्नी असो की ‘अमुक लव्ह तमुक’ लिहिणारा मार्कर.

आणि छिन्नीच लागते असंही नाही. मी ते काम मोबाइलवर एका बोटानं केलंच होतं! उद्या हजार जणांनी तसंच क्रॉप केलं, तर लेणं न बघता फक्त रील बघणाऱ्याला क्रॉस तिथे आहे हेच कळणार नाही. मैत्रिणीच्या लहानपणाचा एक कोपराही त्यासोबत पुसला जाईल.

तेव्हा महाशिवरात्रीला जरूर जा, पिंडीवर बेल वाहा. पण एखाद्या साध्या मंगळवारी लेक्चर संपल्यावरही जा. रांग नसते, निवांत बघता येतं. आधी नटराज बघा, मग बाहेर येऊन क्रॉस बघा, मग मान वर करून पडक्या भिंती बघा. आणि फोटो काढलात, तर पूर्ण काढा.

मी ते रील पुन्हा केलंय, क्रॉससकट. व्ह्यूज पहिल्याच्या निम्मेही नाहीत. पण मैत्रिणीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.