शहराची घाण रयतेच्या माथीं

आमच्या भाजीदुधावर शहर जगतें आणि परतफेडीस घाण धाडतें! पुण्याच्या कचऱ्यानें फुरसुंगी व उरुळी देवाची येथील विहिरी नासल्या. २०१७ सालीं डेपो पेटला तेव्हां रयतेनें गाड्या अडविल्या. पण रात्रीं चोरून ओढ्यांत ट्रक रिकामा करणाऱ्याचें काय? त्याला वाट दाखविणारा पुष्कळदां आपलाच भाऊबंद असतो, हेंहि बोललें पाहिजे. बंधूंनो, चावडीवर नुसत्या शिव्या देऊन भागत नाहीं. गाडीचा नंबर, तारीख, वेळ टिपा. ग्रामपंचायतीस लेखी अर्ज देऊन पोंच घ्या. तेथें दाद न लागल्यास प्रांताकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खालीं घाण हटविण्याचा हुकूम त्यास काढतां येतो. अर्जासाठीं वकिलास पैसे कशाला? शाळेंत जाणारी तुमची मुलगी तो लिहील.