विश्लेषण : पावसाळी सहलींना दरवर्षी मनाई; पण घाटमाथ्यावर उपाय बंदीचाच का?

पहिला दमदार पाऊस झाला की सह्याद्रीच्या पायथ्याला दोन गोष्टी ठरलेल्या असतात. शनिवार-रविवारी घाटात लागणाऱ्या गाड्यांच्या रांगा आणि त्यापाठोपाठ निघणारा प्रशासनाचा मनाई आदेश. लोणावळा, ताम्हिणी, माळशेज, देवकुंड, भंडारदरा ही मुंबई-पुणे-नाशिककरांची एका दिवसात जाऊन येण्याची हक्काची ठिकाणे. आदेश निघतो, काही दिवस नाकाबंदी होते, दंडाच्या पावत्या फाडल्या जातात. तरी पुढच्या जूनमध्ये अपघात होतोच. मग या बंदीतून साधते काय?

आदेशात नेमके काय असते?

जून २०२४ अखेरपर्यंत हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. प्रवाहात उतरणे, धबधब्याखाली बसणे, कड्याच्या टोकाला जाऊन सेल्फी वा रील काढणे, मद्यपान, रस्त्यात गाड्या लावणे अशा गोष्टींना मनाई असते. काही ठिकाणी तर सगळा परिसरच बंद केला जातो. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपर्यंत लागू राहू शकतो, म्हणजे जवळजवळ निम्मा पावसाळा. मूळ कलम दंगल, जमाव अशा तातडीच्या प्रसंगांसाठी. दर वर्षी त्याच तारखांच्या आसपास येणाऱ्या गर्दीला ‘तातडीचा प्रसंग’ म्हणणे जरा विचित्रच.

पाणी अचानक वाढते म्हणजे काय होते?

३० जून २०२४ च्या रविवारी भुशी धरणाच्या मागच्या डोंगरातील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जणांचा वाहून गेल्याने मृत्यू झाला. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाची चित्रफीत अनेकांनी पाहिली. ‘इतके पाणी वाढेपर्यंत थांबले कशाला?’ हा प्रश्न तेव्हा हजारदा विचारला गेला. मात्र हा प्रश्न घाटातले ओढे कसे वाहतात हे ठाऊक नसल्यामुळे पडतो.

सह्याद्रीचा माथा काळ्या कातळाचा. वर मातीचा थर पातळ, तोही पहिल्या काही पावसांत भिजून तृप्त झालेला. त्यानंतर पडणारे पाणी जिरत नाही, सरळ उताराला लागते. ओढ्यात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन असू शकते आणि त्याच वेळी दोन-तीन किलोमीटर वर, ढगात बुडालेल्या पठारावर, धो धो पाऊस कोसळत असतो. घाटातला पाऊस थोड्या अंतरात किती बदलतो याचे नेहमीचे उदाहरण महाबळेश्वरचे. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्माही नाही. त्यामुळे ‘इथे तर पाऊस थांबलाय’ या वाक्याला घाटात काही अर्थ नसतो.

लोंढा येण्याआधी खुणा दिसतात. पाणी गढूळ होते, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येतात, आवाज बदलतो. गुरे चारणारा पोरगाही अशा वेळी प्रवाहापासून लांब होतो. शहरातून आलेल्या माणसाला हे कुणी सांगितलेले नसते. शिवाय वेगाने वाहणारे पाणी गुडघाभर असले तरी शेवाळलेल्या कातळावर पाय टिकू देत नाही. पोहता येते की नाही याचा इथे संबंधच उरत नाही.

मग बंदी योग्यच नाही का?

ठरावीक जागेपुरती आणि ठरावीक दिवसांपुरती, नक्कीच. प्रवाहात उतरण्यावरची मनाई तर वर्षभर कायम असायला हरकत नाही. अडचण सरसकट बंदीची आहे. ती धोक्याचा ओढा आणि बिनधोक पठार यांत फरक करत नाही, मुसळधार पावसाचा मंगळवार आणि उघडिपीचा गुरुवार यांतही नाही. नियम पाळणारे कुटुंब घरी बसते. ज्याला जायचेच आहे तो नाकाबंदी चुकवून, पहाटे, आडवाटेने, वाटाड्याशिवाय जातो. म्हणजे आधीपेक्षा जास्त धोक्यात. देवकुंडसारख्या ठिकाणी वाट ओढे ओलांडून जाते. तिथे भिऱ्यातला माणूस बरोबर असणे आणि नसणे यात किती अंतर आहे, ते परतताना ओढा फुगल्यावर कळते.

आणि केवळ फलक लावून भागत नाही, हेही दिसले आहे. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला, चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याची सूचना तिथे होती. रविवारी लोकांना अडवायला माणूस नव्हता.

गर्दी ठरावीक जागीच का होते?

सह्याद्रीत किल्लेच तीनशेहून अधिक. पण मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती दहा-बारा ठिकाणांच्याच. हरिहरच्या कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या एका वेळी एकाच माणसाने चढायच्या आहेत, चढणारे आणि उतरणारे दोघांनाही वाट तीच. कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) लोखंडी शिड्यांचेही तसेच. लोहगडाच्या दरवाजांत रविवारी अक्षरशः कोंडी होते. त्यात हजार-बाराशे रुपयांत पन्नास-साठ जणांना रात्रीच्या बसने आणून सकाळी शिखरावर चढवणाऱ्या ‘ट्रेक’ गटांची भर. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, आयोजकांची नोंदणी त्यात आहे. पण शनिवारी रात्री बारी गावात उतरणाऱ्या किती बसच्या म्होरक्याकडे नोंदणी तपासली जाते? तपासणारा कोण, हा खरा सवाल.

दुसरा मार्ग कुठे चालला आहे का?

साताऱ्याजवळचे कास पठार. पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यांतले हे एक. फुले पाहायला इतकी झुंबड उडे की फुलेच तुडवली जात. तिथे बंदी घातली नाही. दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ ऑनलाइन नोंदणी, शुल्क आणि ठरलेल्या वाटा आल्या. व्यवस्था वन विभागाच्या सोबतीने आसपासच्या गावांच्या समितीकडे आहे. फाटकावरचा, वाहनतळावरचा आणि पठारावर माहिती सांगणारा माणूस त्या गावांतलाच. सगळे आलबेल आहे असे नाही, सुटीच्या दिवशी तिथेही रस्ता तुंबतो. पण हंगाम सुरू राहतो आणि पठारही राहते.

कासला एक सोय आहे, हे मान्य करायला हवे. पठाराला येण्याचा रस्ता मोजका आहे. धबधब्याला दहा वाटा असतात. एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत पंचवीस धबधबे असतील तर मनुष्यबळ आणायचे कुठून, हा प्रशासनाचा प्रश्नही खोटा नाही. म्हणूनच गावाला सोबत घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. दहाही वाटा गावालाच ठाऊक असतात.

सुरुवात कुठून करता येईल?

हवामान विभाग पुण्याच्या, साताऱ्याच्या, नाशिकच्या घाट परिसरासाठी स्वतंत्र पिवळे, नारिंगी, लाल इशारे देतोच. दोन महिन्यांच्या आदेशाऐवजी त्या रंगाला फाटक जोडता येते : लाल इशारा असेल त्या दिवशी वाटा बंद, नारिंगीला फक्त पठारे आणि किल्ले, ओढे नाहीत. पायथ्याच्या गावात नोंद, दुपारी ठरावीक वेळेनंतर वर सोडायचे नाही, प्रशिक्षित स्थानिक वाटाड्या, आणि ओढ्याकाठी दोर व शिट्टी घेऊन उभा असलेला एक माणूस. याचा खर्च प्रवेश शुल्कातून निघू शकतो. आज तोच पर्यटक गाडी लावायचे पैसे देतोच, फक्त पावतीशिवाय. आणि अपघात झाल्यावर दोर घेऊन दरीत उतरतात तीही बहुतेकदा गिर्यारोहकांची स्वयंसेवी पथके, स्वतःची नोकरी सांभाळून.

बंदीचा पहिला फटका बसतो तो कणसे भाजणाऱ्या, पिठले-भाकरी देणाऱ्या घरांना. भातलावणी उरकल्यानंतरच्या काळात या घरांच्या हातात रोख पैसा येतो तो याच गर्दीतून. सप्टेंबर सरता सरता माळ सोनकीने पिवळे होतात, ढग वर जातात, ओढे निवळतात आणि दूरवरची शिखरे दिसू लागतात. तोवर आदेशाची मुदत संपलेली असते, आणि बहुतेक गाड्याही यायच्या थांबलेल्या असतात.