टूथब्रश विकून विजेतेपद!

अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळ इमॅक्युलाटा हे नन्सनी चालवलेले मुलींचे छोटेसे कॉलेज होते. १९६७ मध्ये त्याची व्यायामशाळा आगीत खाक झाली. बास्केटबॉलच्या मुलींना सरावाला हक्काची जागा उरली नाही. प्रशिक्षक कॅथी रश यांचे मानधन तर अवघे ४५० डॉलर!

१९७२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेसाठी इलिनॉयला जायचे होते, पण पैसे कुठून आणणार? मुलींनी टूथब्रश विकले. तरी आठच जणींची विमानाची सोय झाली. अंतिम सामन्यात गाठ पडली ती शेजारच्या वेस्ट चेस्टरशी. याच संघाने काही दिवसांपूर्वी त्यांना ३२ गुणांनी लोळवले होते. या वेळी मात्र इमॅक्युलाटाने ५२-४८ अशी बाजी मारली. पुढची दोन वर्षेही विजेतेपद त्यांच्याकडेच राहिले. सामन्यांना नन्स हजर असत आणि प्रेक्षकांत बादल्या बडवल्या जात!

रश यांना बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेमचा मान २००८ मध्ये मिळाला. मुलींची पाळी आली २०१४ मध्ये, साठीच्या घरात पोचल्यावर. सन्मान एकटीदुकटीचा नव्हता, १९७२ ते ७४ च्या अख्ख्या संघाचा होता. तिकिटाअभावी मागे राहिलेल्या मुलीही त्यातल्याच.