बाला (निवडणूक प्रभाग)

बाला हा वायव्य वेल्समधील ग्विनेद परगण्याचा एक निवडणूक प्रभाग आहे. तेगिद सरोवराकाठच्या बाला या लहानशा गावातून परगणा परिषदेवर एक सदस्य निवडला जातो. सर्वाधिक मते मिळवणारा उमेदवार विजयी ठरतो. शिक्षण, रस्ते व समाजकल्याण ही कामे परगणा परिषदेकडे असून गावपातळीवरील किरकोळ बाबी स्वतंत्र नगर परिषद पाहते. गाव एररी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येत असल्याने बांधकाम नियोजनाचा अधिकार मात्र उद्यान प्राधिकरणाकडे आहे.

राजकीय पार्श्वभूमी

बालाजवळील कापेल केलिन हे वेल्शभाषक खेडे लिव्हरपूल शहराच्या पाण्यासाठी १९६५ साली धरणाखाली गेले. त्यासाठीच्या १९५७ च्या कायद्याला वेल्सच्या एकाही खासदाराने अनुकूल मत दिले नव्हते, तरीही तो संमत झाला. या भागात प्लाइड कम्री या राष्ट्रवादी पक्षाला लाभलेले बळ ही घटना वगळून समजणे कठीण आहे. ग्विनेद परिषदेचा अंतर्गत कारभारही वेल्श भाषेतच चालतो.

निवडणुका

५ मे २०२२ रोजी झालेल्या निवडणुकीपूर्वी प्रभागांची फेररचना होऊन परिषदेच्या जागा ७५ वरून ६९ झाल्या. त्यांपैकी ४४ प्लाइड कम्रीने जिंकल्या. उरलेल्या बहुतेक अपक्षांकडे गेल्या. वेल्समध्ये १६ व १७ वर्षांच्या नागरिकांनी स्थानिक निवडणुकीत प्रथमच मतदान केले ते याच वेळी. राष्ट्रकुलातील नागरिक म्हणून तेथे कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयांनाही हा हक्क आहे.

तथापि हक्क विस्तारला तरी तो बजावण्याची संधी सर्वांना मिळाली नाही. वेल्सभर ७४ उमेदवार बिनविरोध निवडून आले, त्यांत ग्विनेदचे २८ होते. म्हणजे परिषदेच्या सुमारे चाळीस टक्के जागांवर मतदानच झाले नाही. एकमताचे लक्षण म्हणून याकडे पाहता येईल, परंतु एकसदस्यीय छोट्या प्रभागात प्रस्थापित सदस्यासमोर उभे राहण्यास कोणी धजत नाही, हे कारण अधिक पटण्याजोगे आहे. २०२१ च्या कायद्याने परिषदांना एकल संक्रमणीय मतपद्धती स्वीकारण्याची मुभा दिली. ग्विनेदमध्ये २०२४ साली बहुसंख्य सदस्य तिला अनुकूल होते. आवश्यक दोन-तृतीयांश बहुमत मात्र जमले नाही. त्यामुळे २०२७ ची निवडणूक जुन्याच पद्धतीने होईल.

दरम्यान, सुटीपुरत्या वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या घरांवर परिषदेने एप्रिल २०२३ पासून दीडशे टक्के अधिभार लावला. घरांच्या किमतींमुळे तरुण वेल्शभाषक कुटुंबे बाहेर पडत असल्याने हा प्रश्न येथे भाषेचाही मानला जातो.