प्रयोगवहीतून : रोजची भाकर



गेल्या अंकात हे सदर आले नाही. कारण एव्हाना बहुतेकांना कळलेच आहे (आपल्याकडे बातमी झेरॉक्सच्या आधी पोहोचते). आमच्या कंपनीने अख्खा संशोधन विभाग बंद केला. ग्रीन कार्डाची फाईल रांगेत, हाती एच-१बी, आणि नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर आम्ही उभयता रोज एक चौकोन खोडू लागलो.

मंडळातली माणसे डबे घेऊन आली. एक मावशी दारातच म्हणाल्या, "देवावर भरवसा ठेवा, सगळं ठीक होईल." आम्ही नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरातले. हे वाक्य आम्हाला बाळकडूसारखे पाजलेले. पण त्या आठवड्यात ते घशाखाली उतरेना. ठीक होईल हे कोणी सांगितले?

रविवारी फोनवर आईपाशी हेच बोललो. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "रमाबाईंचं पुन्हा वाचा."

पंडिता रमाबाई इकडे आपल्या फिलाडेल्फियात येऊन गेल्या होत्या. मार्च १८८६ मध्ये, डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला. तेव्हा त्या २७ वर्षांच्या, विधवा, आणि ख्रिस्ती होऊन अडीचच वर्षे झालेल्या. ही हकीकत आम्ही शाळेपासून ऐकत आलो. पण त्यांच्या लहानपणाकडे आम्ही कधी नीट पाहिले नव्हते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. होते नव्हते ते व्रते, दानधर्म आणि तीर्थयात्रांत संपले. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात खायला उरले नाही. मजुरीची सवय नाही, भीक मागायची लाज. देव काहीतरी करील म्हणून सगळे वाट पाहत राहिले. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये नवरा.

म्हणजे देवावर विसंबून राहिल्याची किंमत या बाईने घरातच मोजली होती. मग तिने पुन्हा देवावर भार टाकला तो कसा? (यात कोणाच्या श्रद्धेला नावे ठेवायची नाहीत. सौदा चर्चच्या बाकावर बसूनही होतो. आम्हीच केला होता. इतकी वर्षे रविवार चुकवला नाही, आता नोकरी तेवढी सांभाळ!)

उत्तर केडगावात सापडते. शारदा सदनाला उत्पन्न व्हावे म्हणून त्यांनी तिथे जमीन घेतली होती. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यात १८९७ ला पुण्यात प्लेग. शहरात इतक्या मुली ठेवता येईनात, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर हलवले. तिथे धड इमारत नव्हती. अमेरिकेतल्या मदतमंडळाने दहा वर्षांचे वचन दिले होते, तेही १८९८ मध्ये संपत होते. या हिशेबाने कोणीही आधी पैसे जमवून मग मुली आणल्या असत्या. रमाबाईंनी मुली आधी आणल्या.

पुढे मुक्ति मिशनबद्दल त्यांनी लिहून ठेवले की, बँकेत शिल्लक नाही, ठेव नाही, रोजची भाकर रोज मिळते. आणि भाकर मिळते म्हणून हात जोडून बसायचे, असे तिथे कधीच नव्हते. शेत होते, विणकाम होते, छापखाना होता. मुली स्वतः खिळे जुळवत. आई-वडिलांना मजुरी जमली नव्हती. इथे प्रार्थना झाली की सगळ्या कामाला लागत.

आणि सगळे 'ठीक' झाले का? नाही. ज्या मनोरमेच्या हाती पुढचे काम द्यायचे, ती एकुलती मुलगी १९२१ मध्ये गेली. रमाबाई मराठी बायबलाच्या भाषांतराचे काम करीत राहिल्या. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला त्याही गेल्या.

ते वाचले त्या रात्री आम्ही प्रार्थनेतून नोकरीचे नाव काढले. उद्याचा दिवस निभावू दे, एवढेच मागितले. झोप मात्र लागली नाही, हेही प्रयोगवहीत खरे लिहिले पाहिजे. दोन दिवसांनी लागली. आता सकाळी आधी तीन अर्ज पाठवायचे, मग चहा, असा नेम केला आहे. त्या मावशींना डबा परत दिला तो रिकामा नाही, शंकरपाळे घालून. त्या म्हणाल्या, "अजून काही कळलं नाही ना?" नाही म्हटले. मग त्या आमच्याबरोबर बराच वेळ गप्प बसल्या. त्याचे फार बरे वाटले.

आज ४१ वा दिवस. दोन मुलाखती झाल्या, एकीचे उत्तर यायचे आहे. मराठी शाळा येत्या रविवारी नेहमीप्रमाणे १० वाजता. आम्ही असूच. खुर्च्या मांडायला दोघा-तिघांनी जरा लवकर यावे.