नियम कोणाचा, खर्च कोणाचा?

अमेरिकेतील हायस्कुलांच्या बास्केटबॉलमध्ये ‘शॉट क्लॉक’ असावे की नाही, हा वाद आता खेळापुरता राहिलेला नाही. तो शाळांच्या थैलीशी येऊन भिडला आहे. अनेक मराठी कुटुंबांची मुले आज तेथील शाळांतून शिकत असल्यामुळे आम्हांसही तो परका वाटत नाही.

हाती आलेला चेंडू ठरावीक सेकंदांत बास्केटकडे टाकलाच पाहिजे, असे हे घड्याळ बजावते. त्याची निकड व्यावसायिक खेळाला फार पूर्वी पटली. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनच्या संघाने चेंडू अडवून धरून मिनियापोलिसवर अवघ्या १९-१८ गुणांनी विजय मिळविला. १९५४ मध्ये एनबीएने २४ सेकंदांची मर्यादा घातली. हायस्कुलांच्या राष्ट्रीय महासंघाने मात्र २०२१ साली निर्णय घेऊन, २०२२-२३ पासून ३५ सेकंदांचे घड्याळ स्वीकारण्याची मुभा राज्यांना दिली. काही राज्यांत ते आधीपासूनच होते.

नियम योग्य आहे, याविषयी आम्हांस संदेह नाही. चेंडू धरून बसणे हे दुबळ्या संघाचे शस्त्र आहे, हे खरे. परंतु त्याने मुले खेळावयास शिकत नाहीत. प्रश्न आहे तो खर्चाचा. महासंघाच्या सूचनांनुसार दोन घड्याळे आणि त्यांना जोडलेला निराळा भोंगा हवा. यंत्रे एकदाच घ्यावी लागतात. ती चालविणारा जाणता माणूस मात्र प्रत्येक सामन्यास लागतो. चेंडू कड्यास लागला की नाही, हे त्याने क्षणात ओळखावयाचे असते. सधन उपनगरातील शाळेस हा भार जाणवणार नाही. खेड्यातील लहान शाळेस तो प्रवासखर्चातून वा गणवेशातून काढावा लागेल.

शिक्षकाच्या पेशात आम्ही एक गोष्ट शिकलो. वर्गात एखादी वस्तू सक्तीची करण्यापूर्वी ती शेवटच्या बाकावरील मुलास मिळेल काय, हे पाहणे शिक्षकाचे कर्तव्य असते. नियम स्वीकारणाऱ्या राज्यसंघटनांनीही हेच करावे. त्यांनी खर्चाचा वाटा उचलावा आणि गरीब शाळांना अवधी द्यावा. घड्याळ बिघडल्यास पंचांच्या मेजावर साधे स्टॉपवॉच वापरण्याची सोय त्याच सूचनांत आहे. यंत्र बिघडले असता जे चालते, ते यंत्र घेण्याची ऐपत नसता का चालू नये?