परकें झाड आणि आपलें कर्तव्य

आपण ज्यास निलगिरीचें झाड म्हणतों, तें मूळचें ऑस्ट्रेलियांतील. एकोणिसाव्या शतकांत तें जसें आपल्या दक्षिणेकडील निलगिरी पर्वतावर आलें, तसेंच अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांतही गेलें, आणि पुढें तेथील उपनगरांत घरोघरच्या आवारांत सावली देऊं लागलें. सन १९८४ मध्यें त्याचा मायदेशींचा जुना वैरी, लांब मिशांचा एक भुंगेरा, तेथील ऑरेंज जिल्ह्यांत आढळला. त्याची मादी सैल सालीखालीं अंडीं घालते. अळ्या सालीखालचा जिवंत थर पोखरून खातात व झाडाचा रसप्रवाह तोडतात. मग मोठमोठे वृक्षही वाळून जातात.

अशा वेळीं कोणी म्हणतात, "झाड परकें, किडाही परका, आपण कां कष्ट घ्यावे?" हा विचार आम्हांस पटत नाहीं. झाड कांहीं आपण होऊन समुद्र ओलांडून आलें नाहीं; मनुष्यानें तें आणिलें. ज्यास आपण आणिलें, त्याचा सांभाळ करणें ओघानेंच आलें.

पुष्कळांस वाटतें कीं, विषारी औषध शिंपडलें म्हणजे झालें. परंतु अळी सालीआड असते. तेथवर फवारा पोहोंचत नाहीं. ज्या झाडास पुरेसें पाणी मिळतें, त्याच्या ओलसर सालींत कोवळी अळी सहसा तग धरीत नाहीं; अवर्षणानें सुकलेल्या झाडांत मात्र ती सुखानें वाढते. म्हणून उन्हाळ्यांत, अगदीं बुंध्याशीं नव्हे तर फांद्यांच्या घेराखालीं, अधूनमधून पण खोलवर पाणी मुरवावें. ताज्या कापाकडे भुंगेरे ओढले जातात, यास्तव छाटणी डिसेंबर-जानेवारींतच करावी. तोडलेलें ओलें लांकूड आवारांत रचून ठेवूं नये.

शास्त्रज्ञांनीं ऑस्ट्रेलियांतूनच एक चिमुकली गांधीलमाशीही आणिली. ती भुंगेऱ्याच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालून त्यांचा नाश करिते. तिचें साह्य मोठें झालें. परंतु १९९५ मध्यें त्याच कुळांतील दुसरा भुंगेरा आढळला, आणि त्याजवर तिची मात्रा तितकी चालत नाहीं. तेव्हां घरधन्यानें आपली पाण्याची झारी खालीं ठेवून चालणार नाहीं.

कॅलिफोर्नियांत पाण्याचा तुटवडा वारंवार पडतो, हें खरें. म्हणूनच नवीं झाडें लावतांना आपली ऐपत पाहावी, आणि जीं आहेत तीं तहानेनें मरूं देऊं नयेत. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आवारांतील झाड कोठून आलें हें अवश्य विचारावें. पण त्यास पाणी कोणीं घालावयाचें, हें त्याआधीं ठरवावें.